निमंत्रक म्हणून नानांचं नाव

केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुरांसाठी पत्रकं लिहून माझा हात बसलाय. वर ठळक हाक, मध्ये मागण्या आणि खाली निमंत्रक म्हणून एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचं नाव. असं नाव असलं की लोक पत्रक निदान वाचतात. ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारावं लागतं, हे चळवळीत आम्हाला कुणी शिकवलं नाही. आपलाच माणूस, त्याला काय विचारायचं!

जमैकाच्या त्या जटावाल्या गायकाची जयंती आमच्या गावात करायची ठरली तेव्हाही मी हेच केलं.

धुळ्याला कॉलेजात असताना तो मला भेटला, म्हणजे मैत्रिणीच्या मोबाइलवर. तोवर त्याचा चेहरा फक्त फुटपाथवरच्या टी-शर्टांवर पाहिला होता. माणूस जाऊन कित्येक वर्षं झाली, चेहरा मात्र अजून विकला जातोय, आणि तो टी-शर्ट घालून मिरवणाऱ्याला विचारावं तर म्हणतो, "माहीत नाही, भारी दिसतो." माझं डोकं फिरायचं. ज्यांच्या पणज्या-पणजोबांना बोटीत कोंबून मळ्यांवर राबायला नेलं, त्यांचा आवाज होता हा माणूस! त्याला आपण छातीवर घालतो आणि त्याचं एक गाणं ऐकत नाही.

गावी परतल्यावर त्याला ऐकणारे तिघं सापडले: मोबाइल दुरुस्त करणारा एक जण, सावद्याहून येणारी नर्स आणि यावलहून इथे राहायला आलेले एक मास्तर. चौथे नाना. त्यांचा लग्नातला बँड. मूळचे दोंडाईच्याकडचे, इतकी वर्षं इकडे राहूनही बोली तिकडचीच. मी त्यांना पहिलं गाणं ऐकवलं तेव्हा डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "हाऊ मानूस पयला ठोका खाई जास." म्हणजे पहिला ठोका वाजवतच नाही, सोडून देतो. पुढच्या वरातीत त्यांनी तो ठेका ताशावर घेऊन पाहिला. नाचणारी पोरं एकमेकांच्या पायावर पडली आणि नवरदेवाचा मामा ओरडला, "नाना, नीट वाजवा, नाहीतर बँड बदलतो!" नाना हसत होते.

म्हणून पत्रकावर मी त्यांचं नाव टाकलं. मजकूर माझ्या नेहमीच्या थाटाचा: 'गुलामीच्या बेड्या तोडणाऱ्या गायकाला लाल सलाम, हजारोंच्या संख्येने सामील व्हा.' आम्ही होतो पाच जण. पत्रक बसस्टँडवर लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नानांना पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं.

मला हे कळलं तशी मी ठाण्याकडे निघाले. ऐन लग्नसराई. प्रत्येक वरातीच्या वाजंत्रीचा परवाना त्याच ठाण्यातून मिळतो. नानांच्या नावापुढे एक शेरा पडला तर बँडमधली नऊ घरं बसणार. रस्ताभर मी मनात भाषण जुळवत होते, आणि त्यातलं एकही वाक्य नानांच्या उपयोगाचं नव्हतं.

नाना बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. हवालदारांपुढे माझं पत्रक.

"जयंती म्हणता, म्हणजे मिरवणूक आलीच. कुठून कुठवर? आणि हे कोणत्या समाजाचे महापुरुष?"

"ते गायक होते," मी म्हणाले.

"गांजा ओढायचा तोच ना? आमच्या पोराच्या गाडीवर स्टिकर आहे." मग ते नानांकडे वळले. "नाना, तुम्ही सुपारीसुद्धा खात नाही. हजारो लोक कुठून आणताय?"

पत्रक आपण पाहिलंच नव्हतं एवढं म्हणाले असते तर सुटले असते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी सुरू झाले: संविधान, अभिव्यक्ती, जमायचा हक्क. हवालदारांनी हात वर केला. "ताई, भाषण नको. यांचं नाव कुणी टाकलं?"

"मी. त्यांना न विचारता."

"लिहून द्या."

लिहून दिलं. सह्या न घेता लोकांची नावं वापरणाऱ्या पुढाऱ्यांवर मी दोन पत्रकं काढली आहेत. तेच अक्षर, तीच मी.

बाहेर आल्यावर नाना सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "मना नाव टाकं, पन माले ईचारं नही." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं, असं काही ते म्हणाले नाहीत.

मिरवणूक आम्ही रद्द केली. जयंती मास्तरांच्या अंगणात झाली, एका लहान स्पीकरवर. नर्सने फोटोला हार घातला. मोबाइलवाल्याने गायकाच्या देशाची गोष्ट सांगितली, अर्धी चुकीची. शेजारच्या बायका कठड्यावरून बघत होत्या आणि माझं लक्ष फाटकाकडे होतं.

नाना आले. हात रिकामे. मागच्या खुर्चीवर बसले.

मी जवळ गेले. "नाना, वाजवाल का? नाही म्हणालात तरी चालेल."

"आज नही," ते म्हणाले. "परवा लगीन शे. परवाना आजून हातमा नही."

पत्रकानंतरचा तो पहिलाच परवाना होता. अर्ज ठाण्यात पडून होता, का ते कुणी सांगत नव्हतं.

"उद्या मी येऊ तुमच्यासोबत ठाण्यात?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ये," ते म्हणाले. "पन तठे काही बोलू नको."