न तोडलेला झेंडू

साहेबांना अकोल्याच्या दवाखान्यात हलवल्याची बातमी आली तेव्हा मी राजापेठेतल्या माझ्या फुलांच्या दुकानात रिकामा बसलो होतो. पितृपक्ष चालू होता. आमच्या धंद्यात हा पंधरवडा असाच जातो. लग्न नाही, वास्तुशांती नाही, सत्कार नाही. सकाळी बादलीत ठेवलेली फुलं संध्याकाळी तिथेच मान टाकतात.

साहेब म्हणजे आमच्या जिल्ह्याचे जुने नेते. मी शाळेत होतो तेव्हापासून भिंतीभिंतीवर त्यांचंच नाव. मुलगी अकोल्यात राहते, म्हणून तिकडे नेलं. श्वासाचं यंत्र लावलंय, एवढंच नक्की कळत होतं. बाकी सगळं लोक आपापल्या मनाप्रमाणे सांगत होते.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर शिकवणी घेणारे सर खाली येऊन म्हणाले, "काही म्हणा, पूल त्यांनीच आणला. नाहीतर पावसाळ्यात निम्मी पोरं क्लासला पोचली नसती."

शेजारचा चहावाला भांडं घासता घासता बोलला, "पूल आनला, अन् सूतगिरनी गिळली. ते काहून नाई सांगत, सर?"

"आजारी माणसाबद्दल असं बोलू नये."

"मी कुठी बोलून राहिलो? गिरनीतले लोक बोलून राहिले. अन् पितरपाखात गेला त सरळ सर्गात जाते म्हनते. तेही नशीबच पाहिजे."

त्या संध्याकाळी मोबाइलवर कुणीतरी साहेबांच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. पाठोपाठ शंभरजणांनी हात जोडले. मग दिलगिरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चहावाला मला म्हणाला, "जाऊन राहिले का राहून राहिले, काईच कळत नाई बाप्पा. लोक थकले आता." ते खरं होतं. दुःखाचाही लोकांना कंटाळा येतो, हे मला पहिल्यांदा दिसलं. त्या लोकांत मीही होतो, पण माझं कारण वेगळं होतं.

साहेबांच्या एका कार्यकर्त्याचा मला फोन आला होता. नांदगाव खंडेश्वरकडचा माणूस. सभांचे हार आमच्याकडूनच नेतो. तो आवाज खाली करून म्हणाला, "अशुभ बोलू नाई, पन तयारी ठेवाव लागते. अंत्ययात्रेची गाडी सजवाची हाये, झेंडूच लागन. फोन करीन तवाच माल आनजा. कोनाजवळ बोलू नका."

मी हो म्हटलं. कुणीही म्हटलं असतं, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो.

आमचं शेत वलगावला. तिथे बाबा आणि माझा धाकटा भाऊ असतात. मी भावाला फोन करून सांगितलं, की विहिरीजवळच्या वाफ्यांचा तोडा थांबव, दोन-तीन दिवस झेंडू झाडावरच राहू दे.

"काहून, दादा?"

"सध्या भाव नाही."

भाव नव्हताच, ते खोटं नव्हतं. पण खरं कारण मी सांगितलं नाही. झेंडूचं गणित आमच्या घरात पोरासोरांनाही माहीत असतं. उमललेलं फूल वेळेवर तोडलं तर झाड नवी कळी धरतं. फूल झाडावरच राहिलं तर ते बी धरायला लागतं, आणि कळ्यांचा जोर ओसरतो. दसरा तोंडावर असताना तोडा थांबवणं म्हणजे हाताने पीक मारणं. दोन दिवसांत काय ते होईल, असा माझा हिशेब होता. म्हणजे मी एका माणसाच्या मरणाची वाट पाहत होतो, आणि ते लवकर यावं असं मला वाटत होतं. हे लिहायला जड जातं, पण ते तसंच होतं.

दोन दिवसांचे चार झाले, चाराचा आठवडा होत आला. साहेब होते तसेच होते.

आणि मग बाबांचा फोन आला. "मले अकोल्याले ने. मी हार करून ठेवतो."

बाबांची आणि साहेबांची ओळख एका सकाळपुरती. बाबा तरुण असताना बाजारातले दुकानदार फुलवाल्यांना बसू देत नव्हते. टोपल्या लाथाडायचे. एकदा साहेब आले आणि सरळ बाबांच्या पोत्यावर मांडी घालून बसले. बाबांकडून सुई मागून घेतली आणि हार ओवायला लागले. बोटात सुई घुसली, तरी उठले नाहीत. त्या दिवसानंतर फुलवाल्यांना तिथून कुणी उठवलं नाही. तेव्हापासून दर वाढदिवसाला बाबा स्वतःच्या हाताने एक हार ओवून त्यांना नेऊन घालत. साहेबांना बाबांचं नाव लक्षात नसायचं. "या, सुईवाले," म्हणायचे. बाबांना तेवढं पुरायचं.

भावाला ही गोष्ट पाठ होती आणि सहन होत नव्हती. तो सूतगिरणीत कामाला होता; गिरणी बंद पडली आणि तो शेतात आला. "सकाळभर बसला, बाबा. गिरनीले कुलूप लागलं तवा कुठी बसला होता?" असं तो म्हणायचा. बाबा वाद घालत नसत. फक्त म्हणत, "तुयं बी खरं हाये."

मी बाबांना न्यायचं टाळत होतो. दवाखान्यात आत सोडणार नाहीत, फुलं चालत नाहीत, तुमचे गुडघे दुखतात, असं काय काय सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "मानूस जिता हाये तवरच भेटाव लागते. तुले जमत नसन त मी बसनं जातो." त्या गुडघ्यांनी ते बसमध्ये चढू शकले नसते. मग मी दुकानाची माल न्यायची गाडी घेऊन वलगावला गेलो.

बाबा अंगणात तयार बसले होते. टोपलीत ओल्या फडक्याखाली हार होता. निघताना म्हणाले, "विहिरीजवळचे फुलं पार पिकून गेले. पाकळ्या गळून राहिल्या. काहून नाई तोडले?"

"भाव नाही, बाबा."

"पितरपाखात कधी भाव होता?" एवढं बोलून ते गाडीत चढले.

अकोल्याला दवाखान्याच्या आवारात बरीच गर्दी होती. कापडी मांडव, पाण्याचे जार, खुर्च्यांवर पेंगणारी माणसं. 'साहेब, लवकर बरे व्हा' असा मोठा फलक. मी गाडी फाटकातून आत घेतली आणि मांडवातला आवाज एकदम बंद झाला.

मला आधी कळलंच नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना मीच रंगवून घेतलेली अक्षरं होती: हार, पुष्पचक्र, अंत्ययात्रेची वाहन सजावट. शेजारी बाबा मांडीवर टोपली घेऊन बसलेले.

खुर्चीवरचा एक म्हातारा उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. एका बाईनं पदर तोंडाला लावून हंबरडा फोडला. तिचं पाहून दुसरीनं. पोरांनी मोबाइल बाहेर काढले. कुणीतरी ओरडलं, "अमर रहे!" मागून कुणीतरी चिडून म्हणालं, "गेले त सांगत काहून नाई? सकाळपासून उपाशी बसलो ना आमी!"

तो नांदगावकडचा कार्यकर्ता धावत आला. घामाघूम. "कोनी सांगतलं तुमाले? आमाले नाई सांगतलं अन् तुमाले सांगतलं?"

"कुणी नाही. बाबांना भेटायला…"

"मंग ही गाडी काहून आनली, भाऊ? म्या तुमाले म्हनलं होतं ना, फोन करीन तवाच माल आनजा! आठ दिवसांपासून माल धरून ठेवला, आता दोन दिवस दम नव्हता निंगत?"

बाबा माझ्या बाजूलाच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टोपलीवरचं फडकं त्यांनी नीट केलं, जणू आतल्या फुलांनी हे ऐकू नये.

गर्दीला समजवायला बराच वेळ गेला. साहेबांची मुलगी वरून खाली आली, सगळ्यांना हात जोडून म्हणाली, "बाबा आहेत. घरी जा आता, कृपा करा." तिचा आवाज रागाचा नव्हता. फार दमलेला होता. टोपी काढलेल्या म्हाताऱ्यानं ती पुन्हा घातली. ज्यांनी मोबाइलवर काही टाकलं होतं ते ते पुसत बसले.

मी गाडी बाहेर लावून आलो तेव्हा बाबा दाराशी रखवालदाराशी बोलत होते. आत एकालाही सोडत नव्हते, फुलं तर नाहीच. कार्यकर्त्याला आता वाईट वाटत होतं. तो म्हणाला, "द्या बाबाजी इकडं, साहेबायपर्यंत पोचला समजा." आणि त्यानं हार घेऊन फलकावरच्या साहेबांच्या फोटोला घालायला हात वर केला.

बाबांनी तो हार त्याच्या हातातून ओढून घेतला. मी त्यांना एवढ्या जोरात काही करताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "जित्या मानसाच्या फोटोले हार घालते का? काई समजते का नाई तुमाले?"

हार पुन्हा टोपलीत गेला. दाराकडे तोंड करून बाबांनी हात जोडले, कपाळाला लावले आणि म्हणाले, "चाल."

परतीच्या वाटेत मी खूप काही बोलणार होतो. धंदा आहे, कुणीतरी गाडी सजवणारच, मी नाही तर दुसरा. बडनेरा आलं. बाबाच शेवटी बोलले. "वाफा काहून नाई तोडला ते समजलं." मग, "तुया भाऊ त्याले उघड शिव्या देते. पन त्यानं बी असं नाई केलं."

मी त्यांना वलगावला अंगणात सोडलं आणि गाडी फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी वलगावला गेलो. बाबा आणि भाऊ विहिरीजवळच्या वाफ्यात होते. मी शेवटची ओळ धरली. कित्येक वर्षांनी तोडायला वाकलो होतो. कंबर लगेच बोलायला लागली. पिकलेली फुलं बांधावर टाकायची, दुसरा उपयोग नव्हता. काही झाडांना खाली बारीक कळ्या दिसत होत्या, बऱ्याच झाडांना नव्हत्या. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "दसऱ्याले निम्मे बी नाई भेटनार, दादा." टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

मधेच मी बांधावर जाऊन कार्यकर्त्याला फोन केला. म्हटलं, आमच्याकडे माल नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. तो हसला. "आता लागत बी नाई, भाऊ. काल रातच्यानं साहेबायनं डोये उघडले. सकाळी दोन चमचे पेज घेतली."

खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात आधी झाडं आली, त्यांच्यावरच्या नसलेल्या कळ्या आल्या. साहेब नंतर आले. एवढं होऊनही क्रम तोच.

मी परत ओळीत आलो. बाबांनी मान वर न करता विचारलं, "काय म्हने?"

"पेज घेतली म्हणे."

त्यांचे हात थांबले. पलीकडे विहिरीच्या खांबाला कालचा हार अडकवलेला होता, कडेची फुलं काळवंडलेली. बाबांनी तिकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. कालपासून पहिल्यांदा.

"मंग तोड," ते म्हणाले. "बी धरलेलं एक फूल बी ठेवू नको. खालच्या कळीले धक्का लावू नको. वाढदिवस दिवाळीनंतर हाये."