आंतरप्रवाही

आमच्या मामांनी एका शब्दावर अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. तो शब्द म्हणजे ‘आंतरप्रवाही’. कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपनीत ते माहितीपत्रकं लिहायचे आणि गावोगाव सभा घेऊन लोकांना ती समजावून सांगायचे. पत्रकं जगात कोणी वाचत नाही, त्यामुळे समजावण्याचं काम जास्त.

सांगायचे मात्र पोटतिडकीने. काही औषधं पानाच्या वरच राहतात, किडा त्यांना शिवला की मरतो. आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत शिरतं, मुळाशी घातलं तरी रसाबरोबर शेंड्यापर्यंत जातं. रस पिणारा किडा संपतो. पण मग ते फळातही असतं आणि धुऊन जात नाही. म्हणून फवारल्यावर पत्रकात लिहिलेत तितके दिवस थांबा, त्याआधी तोडू नका. लोक माना डोलवायचे आणि शेवटी हमखास एक जण विचारायचा, “म्हणजे जोरदार आहे ना?”

पुढे तर कमालच झाली. दुकानदारांना शब्द आवडला. ‘घ्या, आंतरप्रवाही आहे,’ असं ते उंची कापड दाखवल्यासारखं म्हणू लागले. कंपनीनेही डबीवर तो ठळक अक्षरांत छापला, आणि त्याला जागा करायला थांबायचे दिवस खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ढकलले. मामा साहेबांशी भांडले. साहेबांनी त्यांना बढती दिली.

घरी त्यांचं कोण ऐकणार? मामी भाजी मिठाच्या पाण्यात तीनदा धुवायची. मामा दारात उभे राहून म्हणायचे, “अगं, आंतरप्रवाही असेल तर धुऊन काय उपयोग?”

“मग काय करू? तुमचं पत्रक वाचून दाखवू भाजीला?”

निवृत्ती जवळ आली तसे मामा हळवे झाले. मला एकदा म्हणाले, “आपला शब्द एका माणसाला जरी नीट कळला असेल ना, तरी मी सुखाने घरी बसेन.” मी भाची, त्यातून तोंडाळ, म्हटलं, मामा, एक म्हणजे फारच झालं. ते हसले नाहीत. मला तेव्हा माझीच लाज वाटली.

निरोपाचा समारंभ ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत होता. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. जुने बागायतदार, दुकानदार झाडून सगळे आले होते आणि प्रत्येकाने टोपलीभर भाजी आणली होती. टोमॅटो असे की त्यांत तोंड पाहून भांग पाडावा. मामांनी प्रत्येकाचे आभार मानले आणि हळूच विचारलं, शेवटची फवारणी कधीची? परवाची, कालची, अशी उत्तरं आली. एकाने तर कौतुकाने सांगितलं, “तुमच्याकडे यायचं म्हणून मुद्दाम आज सकाळी मारली. तुमचंच औषध.” मामांचा चेहरा उतरत गेला. हार गळ्यात असलेला माणूस इतका पडेल चेहऱ्याने बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग आली वांगीवाली मावशी. तिच्या गावातल्या मामांच्या प्रत्येक सभेत ही शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसायची. बाई झोपायला येते, अशी मामांची पक्की समजूत होती. तिने पिशवीतून वांगी काढून टेबलावर ठेवली. वाकडी, खुजी, आणि भोकं पडलेली. लोक खुसखुसले. साहेबांनी नाक मुरडून शिपायाला खूण केली, ही फोटोत नकोत.

मामांनी एक वांगं उचललं. “हे कधी फवारलं?”

“फवारलंच नाही,” मावशी म्हणाली. “ही घरची ओळ आहे. तुम्ही पहिल्याच सभेत सांगितलंत ना, आत शिरलेलं धुऊन जात नाही म्हणून. त्या दिवसापासून घरासाठी एक ओळ वेगळी ठेवते. पोरं, नातवंडं तिच्यावरच वाढली. तुम्हाला बाजारचं कसं देऊ?”

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांसमोर त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. मिळाला म्हटलं बाई मामांना त्यांचा एक माणूस. तेवढ्यात मामांनी विचारलं,

“बाकीच्या ओळींचं काय? तिथे दिवस पाळता ना?”

“त्या बाजाराच्या आहेत,” मावशी समजावणीच्या सुरात म्हणाली. “तिथे कसले दिवस? तोडणी एक दिवसाआड असते.”

मामा खाली बसले. त्यांचा शब्द कळलेली ती एकच बाई, आणि तिला तो पुरेपूर कळला होता.

साहेबांनी विरोध करूनही मामांनी फोटो ती वांगी हातात धरूनच काढला. घरी मामीने किडलेला भाग कापून टाकला, राहिलं ते शिजवलं. दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी मामी बाजारातून वांगी घेऊन आली. तुकतुकीत, एकाही वांग्याला भोक नाही. कोणाच्या ओळीतली ते तिने विचारलं नव्हतं. कोणी विचारत नाही. तिने ती मिठाच्या पाण्यात टाकली. मामा दारात येऊन उभे राहिले. एकदा धुऊन झालं, दुसऱ्यांदा झालं. मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः धुतली.