पुढून काळा, मागून तपकिरी

“काळंच आहे ते,” बाबा म्हणाले.

“पुढचं काळं आहे. मागचं तपकिरी आहे, बाबा.”

“इथे उजेड कमी आहे. म्हणून तुला तसं दिसतंय.”

“मला नीट दिसतंय,” थोरली म्हणाली. “प्रश्न माझ्या डोळ्यांचा नाहीये.”

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे इतकं उघड बोलायला नको होतं. पण सकाळपासून तेच ते चाललं होतं, आणि शब्द जपून वापरायचे तर त्यालाही अंगात थोडी ताकद लागते.

जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी तो कॅमेरा होता. जुना, जड, निकेलच्या कडांचा, अंगावर नवं चामडं चढवलेला. गिऱ्हाईक म्हणजे एक दाढीवाला, जुने कॅमेरे गोळा करणारा. सकाळी तो कॅमेरा परत घेऊन आला. चिडला नाही. “लोक विचारतात, ही नवी फॅशन आहे का,” एवढंच हसून म्हणाला, आणि सावकाश करा म्हणून निघून गेला. त्याने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

“एवढं काय त्यात, ताई?” धाकटी म्हणाली. ती सुट्टीची आली होती, संत्रं सोलत बसली होती. “कॅमेऱ्याची मागची बाजू बघतं कोण?”

“फोटोतला माणूस पुढून बघतो. ज्याचा कॅमेरा आहे तो मागूनच बघतो.”

“मग तू टाक ना परत करून. तुझा हात चालतो.”

तुझा हात चालतो. या घरात थोरलीचं कौतुक व्हायचं ते असं, पुढचं काम गळ्यात घालताना.

बाबा आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त करत आले. लोकांच्या खिशात फोन आले तसे दुरुस्तीला येणारे आटले, आणि हौशी लोक यायला लागले. त्यांना जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा नसतो, तो कपाटात देखणा दिसायला हवा असतो. आतला जीव गेला असला तरी चालतो, कपडे नवे पाहिजेत. जुनं चामडं आक्रसलेलं, पापुद्रे सुटलेलं असतं. ते खरवडून काढायचं आणि मूळच्या जोडीचं नवं निवडून चढवायचं. रंग तोच, वरचा दाणा तेवढाच बारीक, आणि जाडी अगदी तीच. जाड निवडलं तर ते धातूच्या कडेवर चढून बसतं आणि खटका त्याला घासतो. पातळ निवडलं तर कॅमेरा गाल बसल्यासारखा दिसतो. बाबा जाडी ओठाने बघायचे. चामड्याची कड खालच्या ओठावरून फिरवायची आणि डोळे मिटून घ्यायचे. आईला ते कधी आवडलं नाही. “मेलेल्या बकरीचे मुके घेतात,” असं ती आल्यागेल्याला सांगायची.

थोरली लग्न मोडून एक सुटकेस घेऊन परत आली तेव्हा बाबांनी तिला काही विचारलं नाही. तिच्या हातात चामडं तासायची रापी दिली आणि म्हणाले, “याची कड तासून पातळ कर.” तिचं सांत्वन असं झालं. ती कड तासायला शिकली, मग पुठ्ठ्याचे साचे कापायला, मग चिकटवायला. गेली काही वर्षं ती आणखी एक काम करत होती, ज्याला नाव नव्हतं. बाबांचा काप वाकडा जायला लागला होता. दुपारी ते आडवे झाले की ती त्यांनी चढवलेलं चामडं गरम करून अलगद उचलायची, डिंक पुसायची, नवा तुकडा कापून बसवायची. संध्याकाळी बाबा कॅमेरा हातात घेऊन म्हणायचे, “बघ, कसा चपखल बसलाय.” ती म्हणायची, “हो ना.” एकच काम दोनदा, आणि वर कौतुकही आपणच करायचं.

पण रंग कधी चुकला नव्हता. म्हणून तिला वाटायचं, रंग तरी त्यांना दिसतात.

“मागचा तुकडा कुठल्या गुंडाळीतून कापलात?” तिने विचारलं.

“पहिल्या. काळं पहिल्या गुंडाळीतच असतं, नेहमी.”

“पुढचाही?”

“तोही पहिल्याच. गेल्या आठवड्याच्या सुरुवातीला पुढची बाजू केली, शेवटी मागची.”

थोरलीने टेबलापलीकडे बसलेल्या आईकडे पाहिलं. मधल्या दिवसांत धाकटीच्या सासरची माणसं येऊन गेली होती, आणि आईने कधी नव्हे ते गुंडाळ्यांचं फडताळ आवरलं होतं.

“मी फक्त धूळ पुसली,” आई म्हणाली.

“गुंडाळ्या जिथल्या तिथे ठेवल्यास?”

“ठेवल्या ना. म्हणजे, बसतील तशा.”

धाकटीचा संत्र्याचा हात थांबला. बाबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. म्हणजे काळं हे त्यांना काळं म्हणून नाही, पहिलं म्हणून ठाऊक होतं. तपकिरी दुसरं, हिरवं तिसरं. त्या आठवड्याचे शेवटचे दोन दिवस थोरली आईचे गुडघे दाखवायला दवाखान्यात खेटे घालत होती. घरी असती तर तिने हेही गुपचूप निस्तरलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता.

बाबा हात धुवायला उठले तशी आई हलक्या आवाजात म्हणाली, “झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे. त्या कामाच्या टेबलावरून उठवलंस तर ते अंथरूण धरतील. आत्तापर्यंत बघून घेतलंस, तसंच घे.”

“घेतेच ती बघून,” मोरीजवळून बाबा म्हणाले. कानांना काही झालेलं नव्हतं. “दर वेळी घेते.”



“कडेवरून ओठ फिरवला की कळतं,” ते परत येऊन बसत म्हणाले. “ही कड माझी नाही. तू माझ्यापेक्षा पातळ तासतेस. चांगली तासतेस.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला बरं वाटत असेल, माझं सुधारून.”

“बरं?” थोरली म्हणाली.

तिला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. पाठ दुखत होती, तेवढं कळत होतं. इतक्या दुपारी वाकून काढल्या त्या एकमेकांचं मन राखायला, आणि मन काही कुणाचंच राहिलं नव्हतं.

“ताई, बाबांना आता वाईट वाटेल असं काही...” धाकटीने सुरुवात केली.

“तू संत्रं खा.”

“पोरीला बोलू नकोस,” आई म्हणाली. “दोन दिवसांसाठी येते बिचारी.”

“म्हणूनच तिला सगळं सोपं वाटतं.”

बाबांनी कॅमेरा जवळ ओढला. मागची बाजू चाचपली, मग पुढची. बोटांना दोन्ही सारख्याच लागत असणार. दाणा तोच होता, जाडी तीच होती. निवड चुकली होती ती फक्त डोळे असलेल्यांसाठी.

“मग मी काय करू?” त्यांनी विचारलं. चिडून नाही, दुकानात एखादं गिऱ्हाईक विचारतं तसं.

थोरलीने त्यांच्या हातून कॅमेरा घेतला आणि मिठाची बरणी जागेवर सरकवली.

“उद्यापासून चामडं मी निवडणार, कापणार मी आणि चढवणारही मीच,” ती म्हणाली. “एकदाच चढवणार. बाबा जुनं खरवडून देतील आणि जाडी सांगतील, ते टेबलावरून उठणार नाहीत. आलेल्या गिऱ्हाइकाला काम कोण करतं ते खरं सांगायचं. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्यांना धाकटी नेईल. मी नाही.”