वाळ्याच्या पडद्याआड

"साहेब नको, भाऊ म्हणा," असं म्हणत ते स्वतः उठून वेताची खुर्ची पुढे ओढायचे. समोर कारखान्यातला फिटर असो की माझ्यासारखा कारकून. तुम्ही म्हणाल, अधिकाऱ्यांची असली नाटकं आम्हीही पाहिलीत. पण हे नाटक नव्हतं; असतं तर मी केव्हाच विसरलो असतो.

लढाईची वर्षं होती. जबलपूरच्या आमच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत. भट्टीवरच्या कामगारांना मे महिन्यात तरी दुपारची सुटी मिळावी, म्हणून भाऊंनी वर अर्ज करायचं ठरवलं. त्या दिवसांत असा अर्ज म्हणजे बढती विसरायची. त्यांनी ती खुशाल विसरली.

रविवारी दुपारी सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या बंगल्यावर आम्ही तिघं-चौघं जमलो. दारांना वाळ्याचे ओले पडदे. दीक्षितपुऱ्यातल्या खोलीत भाजून निघालेल्या मला तो गारवा फार आवडायचा, खोटं कशाला बोलू? भाऊ अर्ज वाचू लागले. मध्येच पडदा सुकला, आत झळ आली. कागदावरची नजर न काढता त्यांनी हाक दिली, "पानी!" बाहेरून सपकन पाणी पडलं.

म्हातारा फिटर म्हणाला, "भाऊ, त्या बाईला काहून नाही दुपारची सुटी?"

भाऊंचा चेहरा उतरला. बाहेर सुकरती होती, कुंडम गावाकडची. उन्हाळाभर ती उन्हात उभी राहून पडद्यांवर पाणी मारायची. भाऊंनी तिथल्या तिथे पडदे उतरवले आणि तिला म्हणाले, "कल से यह काम बंद."

तिनं बादली पालथी घातली. आम्ही कौतुकानं माना डोलावल्या. तिचा रोजगार गेला, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

पुढच्या रविवारी घामानं निथळत भाऊ म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतं!"

"अन् सुकरती कुठं आहे?" फिटरनं विचारलं.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ते बसनं कुंडमला गेले.

अर्ज नामंजूर झाला, भाऊंची बदलीही झाली. निरोपाला गेलो, तेव्हा अर्जाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

"सापडली ती," ते म्हणाले. "सडकेवर गिट्टी फोडत होती. परत चल म्हटलं, तर विचारते, 'परदे फिर लगाओगे, बाबूजी?' मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. उन्हानं घेरी आली, तिथेच बसलो. तिनं लोटाभर पाणी दिलं. मी सगळं प्यालो. संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ तेवढंच होतं, हे लोटा रिकामा झाल्यावर कळलं."