‘बरं’ म्हणजे ‘बेटर’ नव्हे

माझा स्वभाव भांडखोर आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते. ज्या बाईला रोज सकाळी पदर घट्ट खोचून, घोड्यांच्या ट्राममधल्या बाप्यांच्या नजरा झेलत डॉक्टरीण म्हणून कामावर जायचं असतं, तिला गरीब स्वभाव परवडत नाही. प्लेग यायच्या आधीची ही दोन-तीन वर्षं. बायकांच्या एका इस्पितळात मी दुय्यम डॉक्टर होते आणि वैद्यकी शिकणाऱ्या तीन मुलींना वॉर्डात शिकवायचं काम माझ्याकडे होतं. वर मुख्य डॉक्टर विलायतेहून आलेल्या मडमसाहेब. बाई हुशार, शस्त्रक्रियेचा हात सफाईदार, मनानंही वाईट नव्हत्या. फक्त आपल्याला मराठी येतं अशी त्यांची ठाम समजूत होती.

त्यांचं मराठी म्हणजे एकच प्रश्न. सकाळच्या फेरीत प्रत्येक खाटेशी थांबून त्या विचारत, “बरं आहे?” आणि खाटेवरची बाई, मग ती मरणाच्या दारात का असेना, म्हणे, “बरं आहे.” विद्यार्थिनीनं ते केसबुकात इंग्रजीत उतरवायचं: बेटर. म्हणजे कालच्यापेक्षा सुधारणा. एवढं झालं की फेरी पुढच्या खाटेकडे.

आता आपल्याकडे कुणी “काय, बरं आहे ना?” म्हटलं, तर “नाही हो, पोटात कळा येतायत” असं कोण सांगतं? समोरच्यानं आपुलकीनं विचारलं, तर माणूस ‘बरं’ म्हणून त्याचा मान ठेवतो. मुलींना मी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “अगं, बरं हा जबाब नव्हे, तो रामराम आहे. रामराम कुणी केसबुकात लिहितं का? त्यापेक्षा विचारा, भाकरी किती खाल्लीस, कुठल्या कुशीवर झोप लागते, मोरीपर्यंत चालत गेलीस की धरून न्यावं लागलं. आणि ‘बरं’ लिहायचंच असेल, तर बाळबोध अक्षरात तसंच्या तसं लिहा. त्याचं भाषांतर करायचं नाही.”

केसबुकात मराठी अक्षरं पाहून मडमसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुस्तक इंग्रजीतच ठेवायचं असा नियम आहे, त्या म्हणाल्या. नियम आहे, पण या शब्दाला इंग्रजी नाही, मी म्हटलं. औषधं देणारा म्हातारा कंपाउंडर मला समजवायला आला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करता? त्यालाही मी चार शब्द ऐकवले.

अशात सात नंबरच्या खाटेवर शीव कोळीवाड्यातली एक कोळीण आली. बाळंत होऊन तीन आठवडे झालेले, बाळ कुशीत. सकाळी अंग थंड असे. दुपार कलली की हुडहुडी भरून ताप चढे. मडमसाहेबांनी हिवताप ठरवला आणि कोयनेल सुरू केलं. रोज सकाळी “बरं आहे?” झालं की कोळीण हसून म्हणे, “बरा हाय, बाय.” तिच्या बोलीत बरं म्हणजे बरा. पाचव्या दिवशी हुकूम झाला, उद्या हिला घरी पाठवा.

ही कोळीण माझ्या तिघींतल्या सगळ्यात अबोल मुलीकडे सोपवलेली होती. या मुलीला वडील नव्हते. मामा शिकवत होता, आणि त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, या खेपेला परीक्षा दिली नाहीस तर शिक्षण बंद आणि लग्न. परीक्षेला बसायला वॉर्डातल्या कामाचं प्रमाणपत्र लागे. त्यावर सही मडमसाहेबांची.

त्या दुपारी ती मला शोधत आली. “बाई, सात नंबर उजवा पाय सरळच करत नाही. बाळाला पाजतानासुद्धा गुडघा दुमडलेला. सरळ कर म्हटलं, तर म्हणते, ऱ्हाऊ दे गो, असाच बरा हाय.”

मी जाऊन हात लावून पाहिला. उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आत खोलवर घट्ट लागत होतं. पू धरला होता. कोयनेलची पोती रिकामी केली असती तरी तो ताप हटला नसता. मी मडमसाहेबांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, उद्या फेरीत पाहू.

“उद्या तूच सांग,” मी तिला म्हटलं. “मी बोलले की त्यांना भांडण ऐकू येतं. तू बोललीस तर रोग ऐकू येईल.” मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं.

दुसऱ्या सकाळी मडमसाहेब सात नंबरशी थांबल्या. “बरं आहे?”

“बरा हाय, बाय.”

मडमसाहेब वळल्या, आणि ही मुलगी इंग्रजीत म्हणाली, “ती बरी नाही.”

“ती स्वतःच म्हणतेय.”

“ती तुम्हाला नमस्कार करतेय, मडमसाहेब. इथं दाबून पाहा.” आणि तिनं खुद्द मडमसाहेबांचं मनगट धरून हात त्या पोटावर नेऊन ठेवला. त्यांनी तो मागे ओढला, हिनं सोडला नाही. कोळिणीनं खाटेचा गज दोन्ही मुठींत आवळला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तशातही ती माउली पुटपुटली, “बरा हाय, बाय.”

आता मडमसाहेबांचा हात आपण होऊन तिथे थांबला. तासाभरात क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी स्वतः चीर दिली. तांब्याभर पू निघाला. कोळीण वाचली.

पण चारचौघांत मनगट धरलं होतं ना! संध्याकाळी निरोप आला: मुलीनं लेखी माफी मागावी, नाहीतर प्रमाणपत्र मिळणार नाही. मजकूर मी सांगावा.

आणि इथे मी, जन्माची भांडखोर बाई, मऊ पडले. मामा दिसत होता डोळ्यांसमोर. “लिही गं,” मी म्हटलं, “चार ओळींनी आपलं काय जातं?” मी सांगू लागले, झाल्या प्रकाराचा मला मनापासून पश्चात्ताप होत आहे. तिनं टाक खाली ठेवला.

“बाई, जे माणूस म्हणालंच नाही ते लिहायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कागद पुढे ओढला आणि आपलं आपण इंग्रजीत लिहिलं: ‘मी आपला हात धरला, त्याबद्दल क्षमा असावी. सोडला नाही, त्याबद्दल मागत नाही.’

मी तो तसाच नेऊन दिला. मडमसाहेबांनी दोनदा वाचला. “हे तुम्ही शिकवलंत हिला?”

“नाही,” मी म्हटलं. “एवढं मला येत नाही.”

सही मिळाली नाही. परीक्षा हुकली. मामानं स्थळ पाहायला घेतलं, तेव्हा तिला आणि तिच्या पेटीला मी फणसवाडीत माझ्या बिऱ्हाडी घेऊन आले. मामा दारात उभा राहून तोंडाला येईल ते बोलून गेला. सगळ्या वाडीनं ऐकलं. ऐकू दे. पुढच्या परीक्षेपर्यंतचे सहा महिने ती रोज माझ्याबरोबर ट्रामनं आली आणि पूर्वीसारखीच वॉर्डात उभी राहिली. तिला येऊ द्यायचं नसेल तर मडमसाहेबांनी कारणासह तसं केसबुकात, सात नंबरच्या पानावर लिहावं, असं मी त्यांना कळवलं होतं. त्यांनी ते लिहिलं नाही.