काळ्या पडद्यावरचा निबंध

“लिहून राहिली का पुसून राहिली?” असं विचारत मॅडम एखाद्या मुलीच्या मागे येऊन उभ्या राहत आणि अंगठ्यानं मॉनिटरचं बटण दाबत. संगणक चालूच, पडदा तेवढा काळा. “हं, आता लिही.”

दवनीवाड्याकडच्या एका शाळेत त्या मराठी शिकवत. २००६-०७ची गोष्ट. शाळेला सहा संगणक मिळाले होते आणि मुलं त्यांवर चित्रं रंगवत होती. मॅडमनी निबंधाचा तास तिथं नेला. पहिल्याच आठवड्यात त्यांना दिसलं की वहीत पानभर लिहिणारी मुलं इथं एक ओळ लिहितात आणि चारदा पुसतात. वहीतली खाडाखोड दिसते, तिची लाज वाटते, म्हणून मूल पुढं सरकतं. इथं पुसलेलं कुणालाच दिसत नाही. उपाय त्यांनी स्वतःच काढला. पहिली दहा मिनिटं पडदा बंद, दुरुस्ती नंतर.

“मॅडम, चुकलं तं?”

“चुकू दे. चूक कुठी पळून चालली?”

अशी शिक्षिका तुमच्याही पाहण्यात असेल. शिक्षकांच्या खोलीत तिच्या पद्धतीवर हसतात आणि आपला वर्ग मात्र तिच्याकडे सोपवून चहाला जातात.

एका पालकानं खिडकीतून काळे पडदे पाहिले. मॅडमनी सगळे संगणक बिघडवले आणि त्या मुलांना बंद डब्यांपुढं बसवतात, अशी तक्रार गोंदियाला गेली. चौकशी लागली. तक्रार खरी निघाली तर सहाही संगणक दुसऱ्या शाळेला जाणार होते. मी तेव्हा गोंदियात वार्ताहर होतो. चौकशीला निघालेल्या शिक्षणाधिकारी साहेबांच्या जीपमागे मोटारसायकल घेऊन गेलो.

साहेब दारात आले तेव्हा सहा पडदे काळे होते आणि सहा मुलं टाइप करत होती.

“ये क्या तमाशा है?”

मुख्याध्यापकांनी मॅडमकडे पाहिलं.

“साहेब, चार मिनटं राहिली. पोरं लिहून राहिले. बसा.”

साहेब बसले नाहीत, पण थांबले. चार मिनिटांनी पडदे उघडले. साहेब सर्वांत जवळच्या मुलीच्या पडद्यावर वाकले. एकाही शब्दाला अर्थ नव्हता. सुरुवातीलाच तिची बोटं एक कळ उजवीकडे पडली होती आणि अख्खं पान तसंच टाइप झालं होतं.

“ही मराठी आहे?”

मुख्याध्यापकांनी रुमाल काढला. मॅडमनी मुलीच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“मले माहीत आहे मी काय लिहिलं तं,” मुलगी म्हणाली. पडद्याकडं न पाहता तिनं सांगायला सुरुवात केली. आई धानाच्या रोवणीला गेली होती. शेताच्या धुऱ्यावर काढून ठेवलेल्या चपलांतली एक कुत्र्यानं नेली. आई एकाच चपलेनं घरी आली. “मी म्हटलं, दुसरी कायले ठेवतेस, फेक. तं आई म्हणे, अन् कुत्र्यानं वापस आणली तं?”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण आधी गेला, हसू नंतर आलं. “फिर? लाया कुत्ता?”

“अजून नाही, साहेब. आई वाट पाहून राहिली.”

साहेबांनी उरलेले पाचही पडदे वाचले. पानं भरलेली होती. चुका होत्या, त्या मॅडमनीच बोट ठेवून दाखवल्या. साहेबांनी तिथंच उभ्यानं शेरा लिहिला: संगणक सुरू आहेत, वापर होतो. मुलीला विचारलं, “बेटा, इतकं सगळं लक्षात कसं राहिलं?”

“दिसून नाही राहिलं, मंग ध्यानात ठेवा लागते.”

पुढं मॅडमची चिचगडला बदली झाली, तिथूनच त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडं दूर राहायला गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. मला त्या दिसतात त्या त्याच दुपारच्या.

जीप फाटकाबाहेर पडली. मॅडम व्हरांड्यात माझ्याजवळ आल्या.

“गेले?”

“गेले.”

“अन् संगणक?”

“सहाही इथंच.”

त्या पायरीवर बसल्या. घोटभर पाणी प्यायल्या आणि उरलेलं तोंडावर मारलं. आत मुलांचा गलका इतका वाढला होता की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन पाहू लागले. मॅडम उठल्या नाहीत. डोळे मिटून, तोंडावरचं पाणी न पुसता, तो गलका ऐकत राहिल्या.