माईककाकांचं चिकट मशीन

माईककाकांबद्दल मी लिहावं की नाही, हे अजून माझं मला ठरवता आलेलं नाही. माणसांवर लिहिणारे लोक त्या माणसाला जन्मभर ओळखत असतात. मी काकांना ओळखलं ते कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत, तेही शेजारीण म्हणून. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही, आणि निबंधातही माझी वाक्यं ‘इत्यादी’वर येऊन थांबतात. काकांना त्यांच्या ऐन भरात ऐकलेली माणसं घाटकोपर-भांडुपला अजून पुष्कळ आहेत. खरं तर त्यांनी लिहायला हवं होतं. त्यांची माफी मागून, मला जेवढे काका दिसले तेवढेच सांगते.

मला दिसलेल्या काकांना आवाज नव्हता. घशाच्या कॅन्सरसाठी त्यांची स्वरपेटी काढून टाकली होती. ते मानेच्या बाजूला टॉर्चसारखं एक मशीन टेकवायचे, अंगठ्याने बटण दाबायचे आणि ओठ हलवायचे. मशीन गळ्याला थरथरवायचं आणि त्यातून शब्द यायचे, सगळे एका सुरात, कपाटामागे अडकलेल्या भुंग्यासारखे. आमच्या चाळीत नव्याने आलेली लहान मुलं पहिल्या दिवशी घाबरायची आणि दुसऱ्या दिवशी “काका, परत बोला ना” म्हणून मागे लागायची.

तरी सगळे त्यांना माईककाकाच म्हणायचे. कारण ऑपरेशनच्या आधी बरीच वर्षं उपनगरातल्या कबड्डीच्या स्पर्धांचं निवेदन ते करायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी कुरिअरच्या गोडाऊनमध्ये नोकरी केली, पण लोकांच्या लक्षात राहिला तो माईक. तेव्हाच्या स्पर्धा पाहिलेले माझे बाबा सांगतात, काका बोलायला लागले की मैदानाकडे पाठ करून उभ्या असलेल्या वडापाववाल्यालासुद्धा कोण कुठल्या कोपऱ्यात आहे ते दिसायचं. आम्ही त्या चाळीत राहायला आलो तोवर हे सगळं होऊन गेलेलं होतं. त्यामुळे मला त्या आवाजाबद्दल फक्त कुतूहल वाटायचं, हळहळ वाटायला मी तो ऐकलेलाच नव्हता.

आमची खरी ओळख झाली ती एका चिकट गोष्टीमुळे. एकदा मी लॅबचा पांढरा कोट वाळत घालत होते. काकांनी गॅलरीतून हाक मारली. “गो, तू केमिस्ट्रीवाली ना?” बटण सोडलं. पुन्हा दाबलं. “हात लाव.” त्यांनी मशीन पुढे केलं. मी हातात घेतलं आणि माझी बोटं त्याच्यावरच्या काळ्या रबराला चिकटली. सोडवली तर बोटांवर काळा राप. त्यांच्या मानेवरही नेमका तसाच डाग होता, आणि कॉलरची एक बाजू कायमची काळी पडलेली होती.

“ह्या रबर रडता कित्याक?” काकांनी विचारलं.

 “आमच्या केमिस्ट्रीच्या सरांना विचारते,” मी म्हटलं. त्यावर ते इतके खूश झाले की मलाच अवघडल्यासारखं झालं. पुढे कळलं की हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना, मेडिकलवाल्याला आणि देवळातल्या गुरवालाही विचारून झाला होता. ज्याने त्याने “जुनं झालं, दुसरं घ्या” असं सांगितलं होतं. हे मशीन एका संस्थेने त्यांना मोफत दिलेलं. दुसरं मिळणं सोपं नव्हतं. पण काकांचं म्हणणं वेगळंच होतं. “जुना मीपण झालंय. मी खय चिकटतंय?”

 सरांनी स्टाफरूममधला स्वतःचा खण उघडला आणि आतून एक जुना माऊस काढला. तोही तसाच चिकट, वर कागदाचे कपटे डकलेले. “अरे, हे मीही कधीचं टाकायचं म्हणतोय,” ते म्हणाले, आणि दोन दिवसांनी उत्तर शोधून आणलं. ते रबर नसतंच. प्लॅस्टिकवर दिलेला, रबरासारखा लागणाऱ्या रंगाचा पातळ थर असतो. हाताला मऊ लागावं, निसटू नये, म्हणून देतात. त्यातले रेणू लांब साखळ्यांचे असतात. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं आत शिरतो, साखळ्या तोडतो, आणि तुकड्यांचा गोंद होतो.

मी हे जमेल तसं काकांना सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग एकदम बटण दाबलं. “म्हंजे दमट हवा चढाईक येता. साखळी फुटता. मगे सगळेच लोळागोळा.” माझ्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट दोन पानांत होती, तरी मला ती त्या दिवशी प्रथम दिसली. कबड्डीत हातात हात धरून उभी असलेली ती साखळी मीही पाहिली होती.

मग पुसायचं कसं, याचे प्रयोग सुरू झाले. टाल्कम पावडर लावली की मशीन बेसनात घोळवलेल्या मिरचीसारखं दिसायचं आणि दोन दिवसांत पुन्हा चिकटायचं. “अहो, माझो पावडरचो डबो खय गेलो?” असं काकी आतून ओरडायच्या आणि काका मशीन खिशात टाकून मुके व्हायचे. खोबरेल तेलाने प्रकरण आणखी बिघडलं. शेवटी इंजेक्शनच्या आधी लावतात त्या स्पिरिटने काम झालं. कापूस भिजवून घासत राहायचं. काळं सुटतं, गांडुळासारख्या वळ्या होतात, आणि खालचं उघडं प्लॅस्टिक हाताला लागतं. पण स्पिरिटचं हे काम आम्ही केलं ते माझ्या जुन्या चिकट टॉर्चवर. स्वतःच्या मशीनला काकांनी स्पिरिटचा थेंब लावला नाही. बटणातून आत गेलं तर? त्यांच्याकडे बोलायला दुसरं काही नव्हतं.

काका गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घ्यायचे. नाकातून हवा जात नसल्यामुळे त्यांना वास येत नसे. हे मला माहीत नव्हतं. मी एकदा स्पिरिटचा वास किती उग्र आहे म्हटलं, तर त्यांनी उत्सुकतेने विचारलं, “कसो?” मी बाटली पुन्हा हुंगली. “दवाखान्यासारखा,” म्हटलं. “माका वास येणा नाय,” ते म्हणाले. “आजपासून तू माझा नाक.” तेव्हापासून कुठलीही बाटली उघडली की ते आधी ती माझ्यापुढे धरायचे. खिडकी उघडून, गळ्यावरचा रुमाल नीट करून मगच बसायचे, कारण वाफ थेट छातीत जायची आणि खोकला सुटायचा.

चाळीत बातमी पसरली. छत्रीची मूठ, दाढीचं मशीन, दुर्बीण, टीव्हीचा रिमोट, लोक काहीबाही घेऊन यायला लागले. प्रत्येकाच्या कपाटात अशी एक वस्तू होती, जी टाकवत नव्हती आणि धरवतही नव्हती. काका आधी तळाला, जिथे दिसणार नाही अशा जागी कापूस लावून बघायचे. त्याला ते “पहिली चढाई” म्हणायचे. प्लॅस्टिक पांढरं पडलं तर वस्तू परत. नाही पडलं तर मांडी घालून बसायचे. वस्तू परत देताना एकच विचारायचे, “वापरतस?” समोरचा गडबडला की म्हणायचे, “मगे चिकटात. बंद खणात सगळाच चिकटता.”

हे खरं की खोटं ते बघायला आम्ही एक प्रयोगही केला. तसल्याच रबरी मुठीचे दोन सारखे स्क्रूड्रायव्हर घेतले. एक तांदळाच्या डब्यात पुरला, एक खिडकीत टांगला. खिडकीतला कोणीतरी वापरायला नेला आणि तांदळाला मुंग्या लागल्या. निष्कर्ष काही निघाला नाही. काकींनी मात्र आम्हा दोघांबद्दल एक काढला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सगळी कामं चांगली झाली असंही नाही. सावंतकाकूंच्या केस वाळवायच्या मशीनवरचं काळं निघालं, त्याबरोबर गरम-थंडची अक्षरंही गेली. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “माईककाका, आता मी ओळखू कसं?” काकांनी शांतपणे बटण दाबलं. “डोक्याक कळात.”

त्या वर्षी चाळीच्या मंडळाची कबड्डी स्पर्धा जवळ आली. ऑपरेशन झाल्यापासून काका मैदानात जायचे, पण लांब, पाण्याच्या टाकीजवळ बसायचे. मंडळाचा अध्यक्ष अवी हा काकांचं निवेदन ऐकत वाढलेला. तो सत्काराचं सांगायला आला. मी तिथेच होते.

“काका, फायनलला तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं झकास करू.”

“शाल नको,” काका म्हणाले. “माका माईक होयो.”

अवी हसला, मग त्याला कळलं की हे थट्टेत नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. “काका, राग मानू नका यार. पब्लिकला झेपायचं नाही. मशीनचा आवाज… आणि ते मानेला काळं काळं लागतं, सगळे शूटिंग करणार मोबाइलवर.”

“एक मॅच.”

“काका…”

“एक चढाई.”

शेवटी अवीने हात टेकले. “बरं, पहिली मॅच. पण हे जरा साफसूफ करून या ना,” म्हणाला आणि त्यांच्या पाया पडून निघून गेला. मला वाटतं, त्याला खरोखर काकांची लाज राखायची होती.

तो गेल्यावर काकांनी मशीन मांडीवर ठेवलं आणि नुसतं बघत राहिले. लोकांच्या वस्तूंना ते बेधडक हात घालायचे. ही मात्र अशी वस्तू होती, जी बिघडली तर माईक तर जाणारच, काकींशी भांडणंही बंद होणार. “घाबारलंय,” ते म्हणाले. मशीनच्या सपाट आवाजात भीती कळत नाही. शब्दच ऐकावा लागतो.

माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. ती संपली की आपण दोघं मिळून करू, असं ठरलं होतं. काकांना दम निघाला नाही. स्पर्धेच्या आदल्या सकाळी मी कॉलेजात असताना ते एकटेच बसले. घरातलं स्पिरिट संपलं होतं. खालच्या फर्निचर पॉलिशवाल्याकडे “स्पिरिट” मागितलं, त्याने फडताळातली बाटली दिली. ती होती रंग पातळ करायच्या थिनरची. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं आणि वास घ्यायला नाक घरी नव्हतं. काळं झपाट्याने निघालं, काका खूश झाले असणार. मग खालचं प्लॅस्टिकच मऊ पडलं, अंगठा आत रुतला, बटण दबलं ते दबलंच. मी जिना चढत होते तेव्हा तो एकसुरी घूं घूं आवाज पार खालपर्यंत येत होता. काकींनी बॅटरी काढली तेव्हा तो थांबला.

स्पर्धा झाली. काकांनी शाल घेतली, नारळ घेतला, हात जोडले. निवेदन करणारा मुलगा चांगला होता, थोडा हिंदी मिसळायचा. काका त्याच्याकडे बघून एकेका पकडीला ओठ हलवत होते. शेजारी बसलेल्या मला ते दिसत होतं. आवाज नसला तरी निवेदन चालू होतं, आणि त्या मुलाच्या किंचित आधीच चालू होतं.

स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याने पुढे ते बटण कोरून मोकळं केलं. मशीन पुन्हा बोलायला लागलं. बटण जोरात दाबावं लागायचं, बाजूला अंगठ्याएवढा खळगा पडला होता, आणि उघडं प्लॅस्टिक घामाने निसटायचं म्हणून त्यांनी त्याला बॅटला गुंडाळतात तशी कापडी पट्टी गुंडाळली. पण मानेला डाग पडेना. त्यांचं पहिलं वाक्य काकींना होतं, “चाय दी.” काकी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहाला इतका वेळ लागत नाही.

त्यानंतर चाळ बिल्डरकडे गेली. आम्ही विक्रोळीला भाड्याने गेलो, काका-काकी कणकवलीच्या बाजूला त्यांच्या गावी. निघताना काकांनी मला ती थिनरची उरलेली बाटली दिली. “ह्येच्यार नाव लिव,” म्हणाले. मी तिथेच पेनाने लिहिलं. त्यांना फोनवर बोलणं जमत नसे, मशीनचा आवाज पलीकडे नीट पोचत नाही. काकींकडून खुशाली कळायची, मग तीही कमी होत गेली. माझं तिसरं वर्ष सुरू झालं. कुठे चिकट रिमोट हाताला लागला की आठवण यायची. पण त्यांनी पुन्हा माईक मागितला का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, प्रियाताईचा फोन आला. तिच्या मुलीच्या ॲडमिशनचं काही विचारायचं होतं. ते झाल्यावर ती सहज म्हणाली, “तुला कळलं का गं? बाबांनी गावची स्पर्धा केली.”

“बघायला गेले होते?”

“बघायला कसले! माईकवर होते. सगळे सामने.”

पहिल्या सामन्याला लोक हसले, ती म्हणाली. दुसऱ्याला पोरांनी नक्कल केली. तिसऱ्यापर्यंत कान सरावले. फायनलला बरोबरी झाली, शेवटची चढाई उरली, चढाई करणारा मध्यरेषेवर येऊन उभा राहिला, आणि काकांच्या मशीनची बॅटरी संपली. मैदान एकदम गप्प झालं. काका खिसे चाचपायला लागले.

“मग?” मी विचारलं.

“मग काय,” प्रियाताई म्हणाली, “पंचांनी शिट्टी मारली आणि खेळ थांबवला. बाबांची बॅटरी बदलून होईपर्यंत तो पोरगा रेषेवर तसाच उभा होता.”